रीडिंग किती आलं?

मुलाखतीला आलेल्या मुलाच्या हातात मी आधी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचा कॅलिपर, देतो, फाईल नंतर उघडतो. टेबलावर एक बुश, म्हणजे धातूचं पोकळ नळकांडं, ठेवलेला असतो, शेजारी त्याचं ड्रॉइंग. बाहेरचा व्यास मोजायचा आणि कागदावर लिहायचा, एवढंच काम. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला आमचा कारखाना तसा लहान. गाड्यांना लागणारे टर्निंगचे पार्ट बनवतो, मी क्वालिटी बघतो, त्यामुळे इन्स्पेक्शनला माणूस घ्यायचा झाला की समोर मीच बसलेला असतो. येणारी मुलं बीई झालेली, डिप्लोमा झालेली, अधूनमधून एखादा बीएस्सी फिजिक्सवालाही.

व्हर्नियर बहुतेकांना नीट धरता येतो. जबडे बुशवर टेकवतात, स्केल डोळ्यांसमोर आणतात, आणि मग नजर हळूच ड्रॉइंगकडे सरकते. ड्रॉइंगवर २५ लिहिलेलं असतं. कागदावर उतरतं २५.००.

बुश रिजेक्शनच्या पेटीतून उचलून आणलेला असतो. त्याचा व्यास २५.१२ आहे. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर. म्हणजे फरक चांगला सहा रेघांचा. तो न दिसण्याइतका बारीक नाही आणि मुलांचे डोळे तर माझ्यापेक्षा कितीतरी तरणे. त्याला २५.१२ दिसलेलं असतं. पण ड्रॉइंग २५ म्हणतंय म्हटल्यावर आपलंच काहीतरी हुकलं असं धरून तो ड्रॉइंगचा आकडा लिहून मोकळा होतो. मी विचारतो, "रीडिंग किती आलं?" तर उलट मलाच विचारतो, "सर, किती यायला पाहिजे?"

हा प्रश्न त्याने आमच्या केबिनमध्ये शोधून काढलेला नाही. तो कॉलेजातून घेऊन आलाय.

प्रॅक्टिकलचं जर्नल आठवून बघा. साध्या लंबकाचा प्रयोग. दोऱ्याची लांबी घ्यायची, वीस दोलनांचा वेळ घ्यायचा, सूत्रात घालून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर ९८० सेंटिमीटरच्या आसपास यायला हवं हे प्रयोगशाळेत पाऊल टाकायच्या आधीच सगळ्यांना पाठ असतं. कुणाचं १०४० आलं तर सर म्हणतात, परत कर. परत करायला वेळ नसतो, कारण मागे दुसरी बॅच उभी असते, वीस-बावीस मुलांत धड चालणारी उपकरणं दोन असतात आणि एका स्टॉपवॉचचं बटण अडकत असतं. मग शहाणा मुलगा ९८० पासून उलटा निघतो. उत्तर ठरलेलं, त्यावरून रीडिंग बनवायचं. ज्याला तेवढंही जमत नाही, तो मागच्या वर्षीच्या एखाद्या ताईचं जर्नल आणून उतरवतो. सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलात तर गठ्ठेच्या गठ्ठे दिसतील.

दोष एकट्या मास्तरांना देण्यात अर्थ नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. १०४० का आलं, हे मुलाबरोबर शोधत बसलेल्या अर्ध्या तासाचे त्याला कोण देणार? खरं तर प्रॅक्टिकल नावाची गोष्ट त्या अर्ध्या तासातच असते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली का वरच्या हुकापर्यंत? दोलनं एकोणीसच मोजली का? बटण दाबायला उशीर झाला का? ९८० हा आकडा तर पुस्तकात छापलेलाच आहे, त्यासाठी दोरा टांगायची गरज नव्हती.

कारखान्यात आम्ही दिवसभर हाच अर्धा तास करत असतो. पार्ट रिजेक्ट झाला की माणूस, मशीन, मटेरियल, मेथड या चार दारांवर जाऊन विचारत फिरायचं. टूल झिजलं का, सेटिंग हललं का, बार कठीण आला का, नवा ऑपरेटर होता का. "का" असं पाच वेळा विचारायची आमच्याकडे रीतच आहे आणि तिच्यासाठी छापील फॉर्मही आहे. तो फॉर्म भरायला बसवलं की नवा इंजिनिअर पहिल्या "का"लाच लिहितो, ऑपरेटरचं दुर्लक्ष. झालं, संपलं.

आधीच्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. ग्राहक कंपनीचा ऑडिटर आला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने दर तासाच्या तपासणीचा एक कागद उचलला. पहिल्या शिफ्टची आठ रीडिंग, आठही टॉलरन्सच्या, म्हणजे चालून जाणाऱ्या मापाच्या हद्दीच्या, बरोबर मध्यावर, आठही एकाच शाईत, एकाच तिरप्या अक्षरात. तो काही बोलला नाही. मेंटेनन्सचं रजिस्टर मागवलं, बोट फिरवत एका ओळीवर थांबला. त्या दिवशी अकरा ते बारा लाईट गेलेली होती. अकराला मशीन बंद, साडेअकराला बंद. साडेअकराचं रीडिंग मात्र कागदावर हजर. "लाईट नसताना पार्ट काढणारं मशीन मला बघायचंय," तो म्हणाला. आमचा मॅनेजर चहा मागवायला बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

कागद भरणारा मुलगा डिस्टिंक्शनवाला होता. त्याला बोलावून झापण्यात आलं, आणि तो खरोखर गोंधळला होता. चार वर्षं त्याने हेच केलं होतं, सुबक अक्षरात केलं होतं आणि त्याबद्दल त्याला टर्मवर्कचे पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. तेव्हा हे काम चुकीचं आहे असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं.

म्हणून विद्यापीठं मुलांना नोकरीसाठी तयार करत नाहीत अशी ओरड ऐकली की मला थोडं अडखळायला होतं. तयार करायचं म्हणजे नक्की काय करायचं, याचं उत्तर कॉलेजांनी भलतंच शोधलंय. शेवटच्या वर्षाला ट्रेनिंग ॲन्ड प्लेसमेंटचं वेळापत्रक लागतं. बाहेरून ट्रेनर येतात. ॲप्टिट्यूडची गणितं, ग्रुप डिस्कशन, टाय कसा बांधावा, हात कसा मिळवावा. मग पोरं आमच्यासमोर येतात आणि एकजात सगळी म्हणतात, माझी ताकद मेहनत आणि माझा दोष असा की मी लोकांवर पटकन विश्वास ठेवतो. एका दिवसात सहा जणांचा दोष तोच निघाला तर काय समजायचं? हे सगळं तुटक्या इंग्रजीत चाललेलं असतं. मी म्हणतो, मराठीत सांग रे बाबा. लगेच खांदे खाली येतात आणि मुलगा प्रोजेक्टमध्ये काय बिनसलं होतं ते धडाधड सांगायला लागतो. इंग्रजी लागतंच, ग्राहकाला मेल इंग्रजीतच जाते, त्याबद्दल वाद नाही. पण ते भाषेच्या तासाला शिकवायचं काम आहे, शेवटच्या वर्षाच्या पाच शनिवारांत उरकायचं नव्हे.

कॉलेजने कंपनीची हुबेहूब नक्कल करायची धडपड केली की ती अशी वरवरचीच होते. आणि जे कॉलेजच्या हातात होतं, ते सुटून जातं.

आमच्या स्टोअर्समध्ये एक मुलगी आहे, बीए झालेली, इतिहास घेऊन. कॉम्प्युटरवर नोंदी करायला म्हणून घेतली. बीए इतिहास म्हटल्यावर आमच्या मालकांनी भुवया उंचावल्या होत्या. बाजाराच्या हिशेबात ही पदवी म्हणजे जवळजवळ शून्य. स्टीलचा बार येतो तेव्हा सोबत टेस्ट सर्टिफिकेट येतं, त्यावर हीट नंबर असतो, म्हणजे भट्टीतून निघालेल्या कोणत्या घाण्यातला तो माल आहे त्याची खूण. स्टोअर्समध्ये ते सर्टिफिकेट फाईलला लावलं की काम संपलं, अशी सगळीकडे पद्धत. या मुलीने एक दिवस दोन सर्टिफिकेटं आणून माझ्या टेबलावर ठेवली. "सर, हा माल मार्चमध्ये आला, हा जूनमध्ये. हीट नंबर एकच आहे, पण कार्बनचा आकडा दोन्हीकडे वेगळा आहे. एकाच घाण्याचा तर आकडा एकच पाहिजे ना?" सप्लायरकडे कुणीतरी जुन्या कागदावर नवे आकडे चढवले होते. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, आमच्या मॅडम म्हणायच्या, कागद कुणी लिहिला, कधी लिहिला आणि त्याला त्यात काय फायदा होता, ते बघितल्याशिवाय बखरीतलं काही खरं मानायचं नाही.

त्या मॅडमनी रोजगारक्षमता वगैरे शब्द वर्गात कधी उच्चारलेही नसतील. इतिहासच शिकवला, पण खरोखर शिकवला.

मेव्हण्याची, म्हणजे आमच्या दाजींची निफाडला द्राक्षबाग आहे. त्यांचा मुलगा मेकॅनिकल झाला तेव्हा ते माझ्याकडे आले, पेटीभर द्राक्षं घेऊन. चहा झाला. मग म्हणाले, "पाव्हणं, याला कुठं चिकटवता येतंय का बघा. ॲडमिशनला म्हणले कॉलेजात कंपन्या येत्यात. कंपन्या आल्या, त्या म्हणत्यात, पोराला सीएनसी, ते कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, येत नाही, क्लास लावा. क्लास लावला. आता म्हणत्यात, अनुभव आणा. फी आम्ही भरायची, क्लास आम्ही लावायचा, अनुभव काय आता बाजार समितीत विकत भेटतो का?"

भाचा खाली मान घालून मोबाईलशी चाळा करत होता. मला दाजींना काय उत्तर द्यावं सुचेना. मीच दाजींना विचारलं, बाग एप्रिलला छाटता तेव्हा द्राक्षं येतात का? ते हसले. निफाड-दिंडोरीकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. एप्रिलची खरड छाटणी फळासाठी नसतेच. तेव्हा काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड बारीक रूपात धरला जातो. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. फळ येतं ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, पण एप्रिलला पाणी-खताची हेळसांड झाली असेल तर ऑक्टोबरला कितीही औषधं मारा, काडीत घडच नसतो. दाजी म्हणाले, "म्हणजे तुमच्या मते पोराची एप्रिल छाटणी वाया गेली." मग थोडं थांबून, "आन् ऑक्टोबरची कुणी करायची? ती बी आम्हीच?"

दाजींचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा टोकदार होता आणि तो कॉलेजला नव्हता, आम्हाला होता.

नाशिकला कारखाने नवे नाहीत. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ चा, नोटांचा छापखाना १९२८ चा. ओझरला मिग विमानांसाठी एचएएल आलं १९६४ मध्ये. शिवाय सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहती. जुन्या मोठ्या कारखान्यांत माणूस ॲप्रेंटिस म्हणून शिरायचा, कानशीने फाईलिंग करून करून हाताला घट्टे पडायचे आणि शिकवणाऱ्या फोरमनला पगार कंपनी द्यायची. १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा याच समजुतीवर उभा होता. तो आजही आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असं नियम सांगतो. घेतलेही जातात. पण शॉपफ्लोअरवर जाऊन बघा, कित्येक ठिकाणी ॲप्रेंटिस सकाळपासून एकाच मशीनवर एकच पार्ट लावतोय आणि काढतोय. वर्षभर तेच. स्वस्तातला ऑपरेटर मिळाला, शिक्षणाचं नाव झालं. शिकवायचा खर्च कंपन्यांनी हळूहळू अंगावरून झटकला. तो कॉलेजच्या अंगावर पडला, कॉलेजने शहरातल्या कॅनडा कॉर्नरच्या क्लासवाल्याकडे ढकलला, आणि शेवटी तो दाजींच्या खिशातून निघाला.

सरकारने मधे हात घातलाय, नाही असं नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय आणि पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. (पहिल्या सहा महिन्यांत आयटीआयचा पोरगा आमच्या जास्त उपयोगी पडतो, पण विद्यावेतनाचा तक्ता करणाऱ्याने आम्हाला कुठे विचारलं होतं.) पैसे सरकार देतं म्हटल्यावर पोरं घ्यायला सगळे तयार होतात. त्यांना काय शिकवायचं, हे कुणी ठरवायचं तेवढं राहून जातं.

या सगळ्याच्या उलट्या दिशेने चालणारं एक विद्यापीठ याच शहराला लागून आहे. गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ ची स्थापना, राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीद "ज्ञानगंगा घरोघरी". तिथे येणाऱ्या कितीतरी लोकांची नोकरी आधी लागलेली असते, पदवी मागून येते. पोलीस, कंडक्टर, अंगणवाडीच्या ताया, शेतकरी. आणि मशीनचं सेटिंग लावणारा आमचा सेटर.

हा आयटीआय टर्नर झालेला माणूस, वय चाळीसच्या आतबाहेर. मुक्त विद्यापीठातून बीकॉमला बसला. प्रमोशनसाठी पदवी लागते, हे सरळ कारण. सेकंड शिफ्टला जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी पुस्तक उघडं ठेवायचा, पानांना कूलंटचे डाग. एक दिवस मला अडवून म्हणाला, "साहेब, आपलं रिजेक्शन कुठल्या खात्यात धरतात? पुस्तकात नॉर्मल लॉस वेगळा आणि ॲबनॉर्मल लॉस वेगळा दिलाय. सेटिंग करताना पहिले दोन-तीन पीस जाणारच, तो नॉर्मल. त्याचा खर्च चांगल्या पार्टच्या किमतीत चढवायचा. पण परवा टूल तुटून चाळीस पीस गेले, ते ॲबनॉर्मल. ते पार्टच्या किमतीत धरले तर आपला पार्ट उगाच महाग दिसेल ना?"

मी त्याला घेऊन अकाउंट्समध्ये गेलो. तिथल्या एमकॉम साहेबांनी सगळं रिजेक्शन भंगाराच्या विक्रीत वळतं करून टाकलेलं होतं, वर्षानुवर्षं. त्यांना ही दोन नावं चांगली पाठ होती, परीक्षेत त्यावर सोळा मार्कांचा प्रश्नही सोडवला होता म्हणाले. चाळीस तुटके पीस हातात धरून त्यांनी तो कधी सोडवला नव्हता, इतकंच. पुढच्या तिमाहीपासून आमच्याकडे दोन वेगळी खाती सुरू झाली.

सेटरला पुस्तक कळलं, कारण पुस्तकातल्या शब्दाला लावायला त्याच्याकडे वस्तू होती. एकवीस वर्षांच्या मुलाकडे ती नसते. ती त्याला दाखवणं, हे मला वाटतं आमचं काम आहे. आणि दिसलेल्या वस्तूबद्दल खरं लिहायची सवय लावणं कॉलेजचं. ही वाटणी पूर्वी कधी अगदी नीट होती असा माझा दावा नाही. आज मात्र दोघंही दुसऱ्याच्या वाटणीचं काम करायला निघालेत.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या आराखड्यात ओजेटी आणलं, ऑन जॉब ट्रेनिंग. राज्यातल्या आराखड्यात त्याला ४ क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. आमच्या भाषेत पंधरा शिफ्ट. कागदावर चांगली गोष्ट आहे. प्रत्यक्षात गेटवर मुलं येतात ती छापील फॉर्म घेऊनच. "सर, फक्त सही-शिक्का पाहिजे, आम्ही त्रास देणार नाही." त्रास देणार नाही! कुणी एकाने देऊन टाकला असेल शिक्का, म्हणून तर बाकीचे विचारतात. म्हणजे पुन्हा जर्नलच. आधी शेवटचं पान, मग त्यावरून हजेरीच्या तारखा.

पंधरा शिफ्टमध्ये कुणी सीएनसी शिकत नाही. पण एक गोष्ट होऊ शकते, मी करून बघितली आहे. मुलाला मशीनवर उभं न करता एका लॉटच्या मागे लावायचं. बार ट्रकमधून उतरतो तिथून त्याने सुरुवात करायची. कटिंग, टर्निंग, हीट ट्रीटमेंटला बाहेर जाऊन परत येणं, ग्राइंडिंग, तपासणी, पॅकिंग. हजार निघाले तर डिस्पॅचला किती गेले आणि उरलेले कुठे गळाले, ते त्याच्या वहीत त्याच्या अक्षरात. आमच्या रिपोर्टशी त्याचा आकडा जुळला नाही तर खोडायचं नाही, मला येऊन भांडायचं. भाच्याला मी असाच बसवला होता. तिसऱ्या दिवशी त्याचे अकरा पीस कमी भरत होते. ते शोधायला तो दीड शिफ्ट खपला. सापडले हीट ट्रीटमेंटवाल्याच्या क्रेटच्या तळाशी, तेलात. आता तो सिन्नरला एका कारखान्यात ट्रेनी आहे, दाजी अजून पगार ऐकून नाक मुरडतात.

मागच्या महिन्यात एका कॉलेजचे टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग ॲन्ड प्लेसमेंट बघणारे सर भेटायला आले होते. ओजेटीसाठी करार करायचा होता, सोबत फोटोग्राफरही होता. मी त्यांना ही लॉटमागे फिरायची पद्धत सांगितली. त्यांना आवडली. मग म्हणाले, "सर, आमची एकशे दहा मुलं आहेत. तुम्ही किती घ्याल?"

"एका वेळी चार."

"आणि बाकीची एकशे सहा?"

अंबडमध्ये आमच्यासारखे शेकडो कारखाने आहेत, प्रत्येकाने चार घेतली तर, वगैरे मी बोललो, पण इतर कारखानदारांच्या वतीने बोलायचा मला काय अधिकार? मालकांच्या वतीनेही मी चार म्हटलं होतं ते अंदाजानेच. एका मुलामागे माझ्या इन्स्पेक्टरचा रोज तासभर तरी जातो आणि तो तास कुठल्या खात्यात धरायचा, हे आमच्या सेटरलाही सांगता आलं नसतं. टीपीओ सरांची अडचण माझ्यापेक्षा मोठी होती. त्यांना एकशे दहा सर्टिफिकेटं एप्रिलच्या आत जमा करायची होती.

"चार तर चार," शेवटी ते म्हणाले. "कोणती पाठवू? टॉपर पाठवतो."

म्हटलं, टॉपर नकोत, ज्यांच्या जर्नलमध्ये खाडाखोड आहे ती पाठवा. सर हसले, पण त्यांनी वहीत लिहून घेतलं. सोमवारी पहिल्या शिफ्टला, सात वाजता गेटवर, सेफ्टी शूज घालून. शूज कंपनी देणार की मुलांनी आणायचे, यावर अजून मालकांशी बोलायचंय.